मॉन्ट्रियलची पहिली निवड आणि जुनी दुखणी

मॉन्ट्रियलमध्ये जुलैत पारा तिशी ओलांडतो. लोक नदीकाठी उन्हात लोळत पडलेले असतात, गल्लीगल्लीत आइस्क्रीमच्या दुकानांपुढे रांगा असतात, आणि त्या रांगेत उभं राहून लोक वाद घालतात तो बर्फावरच्या हॉकीवर. हंगाम केव्हाच संपलेला असतो, खेळाडू सुट्टीवर असतात. मग वाद कशाचा? तर अठरा वर्षांच्या एका मुलाचा. त्याला या शहरातल्या बहुतेकांनी प्रत्यक्ष खेळताना एकदाही पाहिलेलं नसतं.

मी मूळची खडकीची. आमच्याकडे हॉकी म्हणजे धुळीचं मैदान, वाकड्या टोकाची काठी आणि धनराज पिल्ले. अजूनही फोनवर मी ‘इथे हॉकीवरून भांडणं चाललीत’ म्हटलं की बाबा विचारतात, “कुणाशी मॅच आहे आपली?” त्यांना दरवेळी सांगावं लागतं की बाबा, ही ती नव्हे. इथे नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरचीच. आपल्या हॉकीला इथे मैदानी हॉकी असं मुद्दाम सांगावं लागतं, आणि सांगितल्यावरही समोरचा नुसती मान डोलावतो.

तर हा वाद असतो ड्राफ्टचा, म्हणजे नव्या मुलांच्या निवडीचा. नॅशनल हॉकी लीगमध्ये 32 संघ. दर उन्हाळ्यात जगभरातली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं हे संघ पाळीपाळीने निवडून घेतात. सात फेऱ्या होतात, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास मुलं. आपल्या आयपीएलच्या लिलावाशी याची तुलना करायचा मोह होतो, पण मामला उलटा आहे. इथे बोली लागत नाही. पैसा ज्याच्याकडे जास्त त्याला माल, असंही नाही. जो संघ हंगामात सगळ्यात वाईट खेळला, त्याला आधी निवडायची संधी. मुद्दाम हरायचा मोह कुणाला होऊ नये म्हणून तळाच्या संघांमध्ये सोडत काढतात. आणि मुलाला काही विचारत नाहीत. नाव पुकारलं की स्टेजवर जायचं, त्या संघाची जर्सी अंगावर चढवायची, टोपी घालायची, हसायचं. पुढची काही वर्षं त्याचे हक्क त्या संघाकडे. कारखाना काढावा तशी या मुलांची तयारी वर्षानुवर्षं चाललेली असते, आणि शेवटी ते कुठल्या गावी राहायला जाणार हे एका सोडतीवर ठरतं.

आता मॉन्ट्रियल कॅनेडियन्स. 1909 चा संघ. लीगपेक्षाही जुना. लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनली कप 24 वेळा जिंकलेला, इतर कुठल्याही संघाच्या कितीतरी पुढे. पण मी ज्या रात्रीबद्दल लिहितेय तोवर शेवटच्या कपाला 29 वर्षं होऊन गेली होती. चोवीसचा आकडा इथे लोक जसा अभिमानाने सांगतात तसाच 1993 हा आकडा पडेल आवाजात सांगतात. 2021 मध्ये हा संघ अनपेक्षितपणे थेट अंतिम फेरीत पोचला आणि टॅम्पाकडून हरला. पुढच्याच हंगामात बत्तिसातला बत्तिसावा आला. त्याच एप्रिलमध्ये गी लाफ्लर गेले. सत्तरच्या दशकात केस उडवत धावणारा हा खेळाडू क्वेबेकच्या, म्हणजे मॉन्ट्रियल ज्यात येतं त्या फ्रेंचभाषी प्रांताच्या, दोन पिढ्यांचा देव होता, आणि तोही 1971 च्या ड्राफ्टमधली पहिली निवड. तेव्हाचे व्यवस्थापक सॅम पोलॉक यांनी आधीच्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या एका रडतखडत चाललेल्या संघाशी सौदा करून ती पहिली निवड पदरात पाडून घेतली होती. ही कथा इथे लहान मुलांनाही माहीत असते. लाफ्लर गेले, सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले, आणि काही दिवसांतच मे महिन्यात सोडत निघाली. पहिली निवड मॉन्ट्रियलला. ड्राफ्टचा समारंभही त्या वर्षी मॉन्ट्रियललाच, त्यांच्याच बेल सेंटर या स्टेडियममध्ये. करोनामुळे आधीची दोन वर्षं तो ऑनलाइन उरकला होता.

इतके योग जुळून आल्यावर लोकांनी ठरवूनच टाकलं की पहिला येणार तो शेन राइट.

राइट ऑन्टारियोचा. चांगला सेंटर, म्हणजे आघाडीच्या तिघांच्या फळीत मधोमध राहून सगळा खेळ फिरवणारा. पंधराव्या वर्षी त्याला वरच्या वयोगटाच्या लीगमध्ये खेळायची खास परवानगी मिळाली होती. ती मिळणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि आजचा लीगमधला मोठा तारा कॉनर मॅकडेव्हिड त्यांतलाच एक. त्यामुळे 2022 चा पहिला क्रमांक राइटचा, हे तो पंधरा वर्षांचा असल्यापासून छापून येत होतं. मध्ये करोनामुळे त्याची लीग वर्षभर बंद राहिली. परत आल्यावर त्याने किंग्स्टनसाठी 63 सामन्यांत 94 गुण केले. (गोल आणि गोलला दिलेली मदत, दोन्हींची बेरीज म्हणजे गुण.) मॉन्ट्रियलला चांगल्या सेंटरची वानवा तर वर्षानुवर्षांची. वर आणि वधूपक्ष दोन्ही तयार, फक्त अक्षता टाकायच्या बाकी.

दुसरा मुलगा युराय स्लाफकोव्स्की. स्लोव्हाकियातल्या कोशित्सेचा, उंच, भरदार, लहान वयात घर सोडून फिनलंडला खेळायला गेलेला. फिनलंडच्या लीगमध्ये मोठ्या माणसांबरोबर खेळताना 31 सामन्यांत 10 गुण. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचे सहा महिने मी तो इतक्या वेळा ऐकला की झोपेतही सांगेन. पण याच मुलाने फेब्रुवारीत बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सात सामन्यांत सात गोल मारले होते. स्लोव्हाकियाने हॉकीतलं आपलं पहिलं ऑलिंपिक पदक जिंकलं, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला हा सतरा वर्षांचा मुलगा.

आम्ही राहतो व्हर्दनमध्ये. मॉन्ट्रियलच्या दक्षिणेला, नदीला लागून असलेली जुनी कामगारवस्ती. हल्ली इथे कॉफीची महागडी दुकानं झाली आहेत, पण तिमजली घरं आणि बाहेरून चढणारे लोखंडी जिने अजून तसेच आहेत. खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, सत्तरीच्या आसपासचे. जन्म व्हर्दनचा, नोकरी व्हर्दनची, आणि मरायचंही इथेच असं स्वतःच सांगतात. 7 जुलैच्या संध्याकाळी घरात बसवत नव्हतं इतकं उकडत होतं, म्हणून त्यांनी टीव्ही बाहेर बाल्कनीत आणला, खिडकीतून वायर काढली आणि वर हाक मारली, “खाली या सगळे!” मी, नवरा, लेक, त्यांचा नातू आणि समोरच्या घरातले दोघं. नातवाने नवी लाल जर्सी आणली होती. पाठीवर कोरी. नाव आणि नंबर निवड झाल्यावर घालून घ्यायचं म्हणून.

पडद्यावर बेल सेंटर खचाखच भरलेलं. लीगचे आयुक्त गॅरी बेटमन स्टेजवर आले तशी हुर्यो झाली. ती कुठल्याही गावात होते, त्याचा राग-लोभाशी संबंध उरलेला नाही. आपल्याकडे नेता तासभर उशिरा येतो तितकंच ते अपेक्षित. मग संघाचे व्यवस्थापक केंट ह्यूज माइकपाशी आले. त्यांच्या तोंडून ‘स्लोव्हाकिया’ हा शब्द बाहेर पडला मात्र, आणि त्या हजारो माणसांच्या छातीतून एकदम जो श्वास आत ओढला गेला, तो टीव्हीवरही ऐकू आला. मग टाळ्या, मग हुर्यो, मग पुन्हा टाळ्या, सगळं एकमेकांत मिसळलेलं. लोकांना स्वतःलाच कळत नव्हतं आपण काय करतोय. स्लाफकोव्स्की उठला, घरच्यांना मिठ्या मारल्या आणि लांब ढांगा टाकत स्टेजकडे निघाला. चेहऱ्यावर निखळ आनंद. बिचाऱ्याला त्या आवाजातला अर्धा भाग आपल्यासाठी नाही, हे कळलं असेल की नाही कोण जाणे.

आमच्या बाल्कनीत नातू ओरडला, “दहा गुण! फिनलंडमध्ये दहा गुण!”

आजोबा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने बिअरचा कॅन खाली ठेवून एवढंच म्हणाले, “विकेनहायझर.”

ही मॉन्ट्रियलची 1980 ची जखम. ती समजल्याशिवाय 2022 ची ती रात्र समजत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. 1980 मध्येही पहिली निवड मॉन्ट्रियलकडे होती, आणि ड्राफ्ट मॉन्ट्रियलच्याच फोरम या जुन्या स्टेडियममध्ये झाला. सर्वसामान्य प्रेक्षकांना आत बसून बघता आलेला तो पहिला ड्राफ्ट. आजोबा तेव्हा ऐन पंचविशीत, आणि त्या दिवशी ते तिथे हजर होते. सगळ्यांना हवा होता देनी सावार. हा याच व्हर्दनमध्ये वाढलेला. त्याची गोष्ट रचून सांगितल्यासारखी वाटते, पण खरी आहे: सावार, देनी सिर आणि देनी त्रांब्ले, तिघांचंही नाव देनी, तिघांचाही जन्म 4 फेब्रुवारी 1961 चा, तिघंही या वस्तीतले, आणि तिघं एकाच फळीत मॉन्ट्रियल ज्युनियर्ससाठी खेळायचे. ‘तीन देनी’ म्हणूनच ते ओळखले जायचे. सावार पकला, म्हणजे चेंडूऐवजी असते त्या रबरी चकतीला, काठीवर चिकटवून स्वतःभोवती गिरकी घ्यायचा आणि समोरचा बचावपटू नुसता बघत राहायचा. आजोबा आजही बाल्कनीत उभं राहून ती गिरकी करून दाखवतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असूनही.

संघाने निवडलं ते डग विकेनहायझरला. रेजायनाचा, उंचापुरा सेंटर, त्या हंगामात ज्युनियरमध्ये 89 गोल मारलेला. कागदावर निवड अगदी रास्त होती, हेही सांगायला हवं. सावार तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला. आणि नियतीला काय घाई झाली होती बघा, हंगामाच्या सुरुवातीलाच शिकागो फोरममध्ये खेळायला आलं. सावारने गोल मारला, त्याच्या गावच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि विकेनहायझरला त्या दिवशी संघात घेतलंच नव्हतं. तो वर बसून बघत होता. विकेनहायझर वाईट खेळाडू नव्हता. पण या शहराने त्याला एक दिवस विसरू दिलं नाही की तू सावार नाहीस. काही वर्षांत त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. पुढे 1999 मध्ये अवघ्या 37 व्या वर्षी कर्करोगाने तो गेला. आजोबा हे सांगताना आवाज खाली आणतात. मग लगेच आवाज चढवून म्हणतात, “पण सावार आमचा होता!”

यात भाषेचा पदर आहेच. सावार फ्रेंच बोलणारा, विकेनहायझर प्रेअरीतला, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानी मुलखातला, इंग्रजी बोलणारा. क्वेबेकमध्ये हा संघ नुसता क्रीडासंघ कधीच नव्हता. 1955 च्या मार्चमध्ये मोरीस रिशार या आपल्या लाडक्या खेळाडूला लीगच्या इंग्रजी भाषिक अध्यक्षांनी निलंबित केलं, तेव्हा लोकांनी सेंट कॅथरीन रस्त्यावरच्या दुकानांच्या काचा फोडल्या होत्या. आज दिवस बदललेत. 2021 मध्ये तर एका सामन्यात क्वेबेकमध्ये जन्मलेला एकही खेळाडू संघात नव्हता, असं पहिल्यांदा घडलं, आणि त्यावर आठवडाभर अग्रलेख आले. 2022 ला मात्र भाषेचा प्रश्न नव्हता. राइट काही फ्रेंच नव्हे. तरी आजोबांच्या डोळ्यापुढे उभा राहिला सावारच. घरच्या मैदानात, सगळ्या गावासमोर, लोक एक नाव घेतायत आणि संघ दुसरंच नाव पुकारतोय, एवढं पुरेसं होतं.

नातवाची जखम वेगळी आणि ताजी. 2018 मध्ये मॉन्ट्रियलने तिसऱ्या क्रमांकावर फिनलंडचा येस्पेरी कोटकानिएमी घेतला, आणि पुढच्याच क्रमांकावर ऑटावाने ब्रेडी कचकला उचललं. कचक आता ऑटावाचा कप्तान. आणि कोटकानिएमी? तो किस्सा ऐकण्यासारखा आहे. 2019 मध्ये मॉन्ट्रियलने कॅरोलायना संघाच्या सेबास्टियन आहो या खेळाडूला परस्पर कराराचा प्रस्ताव धाडला. कॅरोलायनाने तेवढीच रक्कम मोजून त्याला राखला, पण राग मनात ठेवला. दोन वर्षांनी त्यांनी मॉन्ट्रियलच्या कोटकानिएमीला तसाच प्रस्ताव धाडला, 61 लाख डॉलरचा, आणि त्यात सहीचा बोनस म्हणून लिहिले चक्क 20 डॉलर. वीस, कारण आहोच्या जर्सीचा नंबर 20. मॉन्ट्रियलने हात टेकले आणि मुलगा गेला. इतकं शांतपणे उगवलेलं सूड मी कॉर्पोरेट जगातही पाहिलेलं नाही, आणि माझी पंधरा वर्षं तिथेच गेली आहेत.

थोडक्यात, त्या रात्री बाल्कनीत आम्ही सात जण होतो आणि प्रत्येक जण वेगळ्याच मुलाबद्दल बोलत होता. स्लाफकोव्स्कीबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

रात्र तिथे संपली नाही. दुसऱ्या क्रमांकावर न्यू जर्सीने शिमॉन नेमेत्स घेतला, म्हणजे पहिले दोन्ही स्लोव्हाक. तिसरं नावही दुसऱ्याचंच. राइट चौथ्यावर सिअॅटलला गेला. स्टेजवर जाताना त्याने मॉन्ट्रियलच्या टेबलाकडे एक कटाक्ष टाकला असं कॅमेऱ्यात दिसलं. तो क्षण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर होता. आमच्या ऑफिसातल्या एका अतिशय मवाळ माणसाने, ज्याने मीटिंगमध्ये कधी कुणाला दुखावलेलं नाही, जेवणाच्या सुट्टीत ती क्लिप पुन्हा पुन्हा दाखवली. “बघ डोळे. हा पोरगा आयुष्यभर आपल्यावर सूड उगवणार.” त्याच रात्री संघाने रोमानोव या लोकप्रिय बचावपटूला सोडून त्या बदल्यात आलेल्या निवडीतून शिकागोच्या किर्बी डाकला आणलं. सौदा जाहीर होतोय म्हटल्यावर बेल सेंटरमध्ये असा आरडाओरडा झाला की थोड्या वेळापूर्वीचा धक्का लोक विसरूनच गेले.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या फेऱ्या झाल्या. बाल्कनीत टीव्ही नव्हता. कुणी बघतच नव्हतं. बासष्टाव्या क्रमांकावर मॉन्ट्रियलने लेन हटसन नावाचा एक अमेरिकन बचावपटू घेतला. अंगाने इतका लहानखुरा की बाकीच्या संघांनी त्याला तिथवर येऊ दिलं. त्यावर आमच्या गल्लीत चकार शब्द निघाला नाही.

मग हंगाम सुरू झाला. स्लाफकोव्स्की अठराव्या वर्षी थेट मोठ्या संघात. 39 सामने, 4 गोल, 10 गुण, आणि जानेवारीत गुडघ्याला दुखापत होऊन हंगाम संपला. पुन्हा तोच दहाचा आकडा! दरम्यान डिसेंबरमध्ये राइटने लीगमधला आपला पहिला गोल मारला. कुणाविरुद्ध, हे सांगायला नकोच. मवाळ सहकारी त्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन नुसता उभा राहिला. बोलला काही नाही, फक्त भुवया उंचावल्या.

2023 च्या शरद ऋतूत तर लोकांचा धीर सुटला. पोराला लाव्हालच्या दुय्यम संघात पाठवा, त्याला बर्फावर तोल सांभाळता येत नाही, डोकं वर करून बघत नाही, एवढा आडदांड देह काय कामाचा. किराणा दुकानात, मेट्रोत, दातांच्या डॉक्टरकडे (तोंडात कापूस असताना मला मत विचारलं गेलं). प्रशिक्षक मार्टिन सँ लुई मात्र त्याला हलवायला तयार नव्हते. हा माणूस स्वतः ड्राफ्टमध्ये कुणी निवडलाच नव्हता, तरी पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याला अशा निवाड्यांचं काय कौतुक असणार! त्यांनी स्लाफकोव्स्कीला कप्तान निक सुझुकी आणि कोल कॉफील्ड यांच्याबरोबर पहिल्या फळीत खेळवलं. आणि डिसेंबर-जानेवारीनंतर काहीतरी जुळलं. कोपऱ्यात दोन माणसं अंगावर घेऊनही पक सोडेना, गोलसमोर उभा राहिला की हलवता येईना. हंगामअखेर 82 सामने, 20 गोल, 50 गुण.

1 जुलै 2024 ला संघाने त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला, 6 कोटी 8 लाख डॉलरचा. एक जुलै म्हणजे क्वेबेकमध्ये घरं बदलायचा दिवस. इथले बहुतेक भाडेकरार 30 जूनला संपतात, त्यामुळे अर्धं शहर त्या एका दिवशी सामान हलवतं. आमच्याच जिन्यावरून चार जण एक फ्रिज खाली उतरवत होते, मधल्या पायरीवर अडकले होते, फ्रिजचं दार सेलोटेपने बंद केलेलं, आणि त्यांतला सगळ्यात खालचा, ज्याच्या छातीवर सगळा भार होता, तो वरच्याला ओरडून सांगत होता, “आठ वर्षं! मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो की पोरगा सोनं आहे!”

वरच्याने फ्रिज सोडला नाही हे त्याचं नशीब. कारण वरचा म्हणजे आजोबांचा नातू, आणि पहिल्या दिवशी खालचा काय म्हणाला होता हे त्याने ऐकलेलं होतं.

हे मला इथल्या लोकांचं सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात वैताग आणणारं. आज या शहरात स्लाफकोव्स्कीला विरोध केलेला एकही माणूस सापडणार नाही. त्या रात्री बेल सेंटरमध्ये हुर्यो कुणी केली, देव जाणे. बहुधा पर्यटक असावेत.

पण सगळं असं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 2023 मध्ये पाचव्या क्रमांकावर संघाने ऑस्ट्रियाचा डाविड राइनबाखर घेतला. बचावपटू. लोकांना हवा होता मात्वेई मिचकोव, रशियन, गोल करण्यात जादूगार, पण रशियातल्या करारात अडकलेला. तो सातव्यावर फिलाडेल्फियाला गेला. राइनबाखरला त्या रात्री आणि नंतर सोशल मीडियावर लोकांनी जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. मुलगा अठरा वर्षांचा. आल्प्सच्या कुशीतल्या गावातून आलेला, आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, हातातला फोन उघडतो तर शिव्या. माझा लेक तेव्हा चौदाचा होता. तोही त्या रात्री चिडला होता आणि काहीतरी टाइप करत होता. मी फोन काढून घेतला. तो म्हणाला, “आई, सगळेच लिहितायत.” हो ना, तेच तर. पुढे मिचकोवने पहिल्याच हंगामात 63 गुण केले आणि राइनबाखरचा गुडघा सरावाच्या सामन्यात गेला, तेव्हा काही जणांना आपलंच खरं ठरल्याचा आनंद झाला. एखाद्या मुलाच्या मोडलेल्या गुडघ्यावर आपल्या मताचा झेंडा रोवायचा, याला मी तरी संघप्रेम म्हणणार नाही.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी उलटी लाट. 2024 चा ड्राफ्ट, लास व्हेगासचं ते गोलाकार स्फीअर सभागृह. सगळ्यांना हवा असलेला इव्हान डेमिदोव आधीच जाणार असं वाटत होतं, पण तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या संघांनी दुसरीच नावं घेतली. पाचवं नाव जाहीर करायला मॉन्ट्रियलने स्टेजवर आणलं गायिका सेलीन दिओंना. आजारपणामुळे त्या क्वचितच लोकांपुढे येत होत्या. क्वेबेकची लेक, क्वेबेकचा संघ, हवा तोच मुलगा! व्हर्दनमध्ये गाड्यांचे हॉर्न वाजले. आजोबांनी चक्क नवऱ्याच्या गालाचा मुका घेतला. डेमिदोवला तरी यांच्यापैकी कुणी प्रत्यक्ष पाहिलं होतं? नाही. रशियातल्या सामन्यांच्या दोन-दोन मिनिटांच्या क्लिप. राइनबाखरवरचा राग जितक्या भांडवलावर उभा होता, तितक्याच भांडवलावर हा आनंद. 14 एप्रिल 2025 ला तो पहिला सामना खेळला, पहिल्याच सत्रात एक मदत आणि एक गोल. संघ सामना हरला. दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या लक्षातही नव्हतं.

आणि तो बासष्टावा, लहानखुरा हटसन? त्याच हंगामात त्याने 66 गुण केले आणि लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. तेव्हापासून इथे एक नवंच खूळ शिरलंय. चौथ्या-पाचव्या फेरीतली कुणालाही माहीत नसलेली नावं लोक पाठ करतात, कुठल्याशा अमेरिकन कॉलेजच्या सामन्यांचे निकाल सांगतात, आणि ‘हा पुढचा हटसन’ म्हणून छातीठोक पैजा लावतात. माझा लेक त्यात आघाडीवर. गणिताचा पेपर असला तरी चालेल.

गेल्या उन्हाळ्यात बाल्कनीत बसलो होतो तेव्हा मी आजोबांना विचारलं, आता तरी 1980 चं विसरणार का तुम्ही? स्लाफकोव्स्की रुळला, हटसन आला, डेमिदोव आला. राइटचंही सिअॅटलमध्ये बरं चाललंय, त्याचं त्यालाही मिळालं. ते म्हणाले, “सावार शेवटी आलाच की आमच्याकडे.” खरंय. 1990 मध्ये मॉन्ट्रियलने त्याला शिकागोकडून परत मिळवला, त्यासाठी क्रिस चेलिओससारखा बचावपटू देऊन, आणि 1993 चा कप उचलताना तो मॉन्ट्रियलच्या संघात होता.

“म्हणजे राइटही येईल?”

त्यांनी बोटं मोजली. 1980 ते 1990, दहा वर्षं. 2022 अधिक दहा. “बत्तीस साली बघू,” ते म्हणाले. “तेव्हा मी असेन बहुतेक. नसलो तर नातवाला विचार. पण चेलिओससारखा मोठा माणूस द्यायचा नाही हं या वेळी, आधीच सांगून ठेवतो.”